इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया एकाच चार्टमध्ये: कोणता कोड, आणि कशाच्या आधारावर

आधी प्रश्न थोडक्यात. ताप, खोकला आणि धाप घेऊन एक रुग्ण दाखल झाला. रॅपिड टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात इन्फिल्ट्रेट (छायेसारखा डाग) दिसलं, तिसऱ्या दिवशी थुंकीच्या कल्चरमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू) वाढला. ओसेल्टामिविर (फ्लूचं औषध) आणि व्हॅन्कोमायसिन (अँटिबायोटिक) दोन्ही दिली गेली. डिस्चार्ज समरीत मात्र एवढंच आहे: ‘इन्फ्लुएन्झा ए. न्यूमोनिया.’ चार्टमधल्या निदानांना आयसीडीचे कोड लावणाऱ्या कोडरने जे१०.०१ (इन्फ्लुएन्झाच्याच विषाणूचा न्यूमोनिया) आणि जे१५.२१२ (एमआरएसए न्यूमोनिया) लावले. ते तपासणाऱ्या ऑडिटरने दोन्ही काढून फक्त जे१०.०० (इन्फ्लुएन्झा आणि प्रकार न सांगितलेला न्यूमोनिया) ठेवला. बरोबर कोण? आणि जे१८.९, म्हणजे प्रकार न सांगितलेल्या न्यूमोनियाचा सुटा कोड, कुठेच का नाही?

समोर जे लिहिलेलं आहे त्यावरून ऑडिटरचं बरोबर आहे. पण हा चार्ट जे१०.०० वर बंद करण्याआधी डॉक्टरांकडे क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, जायलाच हवी होती. ती का, हे नीट समजलं तर इन्फ्लुएन्झाचे बहुतेक चार्ट तुम्हाला अडवणार नाहीत. मी इथे अमेरिकेतल्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडसंचाबद्दलच बोलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये हा गुंता नाही. तिथे हंगामी विषाणू ओळखला गेला असेल आणि न्यूमोनिया असेल तर जे१०.० या एकाच कोडवर काम भागतं. सीएममध्ये त्याचे तीन तुकडे केले आहेत, आणि वाद त्या तुकड्यांवरूनच होतात.

चार्ट उघडल्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. विषाणू कोणता, हा पहिला. न्यूमोनिया कशामुळे झाला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कॅटेगरी ठरवतं: जे०९, जे१० की जे११. दुसऱ्याचं उत्तर शेवटचे अंक ठरवतं. एकाचं उत्तर माहीत आहे म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरायचं नाही. वरच्या चार्टमध्ये जे१०.०१ लागला तो यामुळेच. विषाणू सापडला, म्हणजे न्यूमोनियाही त्याचाच, असं कोडरने मनाशी ठरवून टाकलं.

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण तो तुलनेने सरळ आहे. पक्ष्यांचा किंवा इतर प्राण्यांचा, माणसात नवा असलेला इन्फ्लुएन्झा ए असेल तर जे०९. ओळखलेला पण नवा नसलेला इन्फ्लुएन्झा, म्हणजे नेहमीचा ए, बी किंवा सी, असेल तर जे१०. विषाणू ओळखलेला नसेल तर जे११. इथे एक गैरसमज फार जणांचा असतो. ‘इन्फ्लुएन्झा ए’ लिहिलंय पण एच१एन१ की एच३एन२ ते लिहिलेलं नाही, मग ‘ओळखलेला नाही’ म्हणून जे११ लावायचा का? नाही. जे१० च्या खालची ‘समाविष्ट’ टीप वाचा. नवा नसलेला इन्फ्लुएन्झा ए, बी आणि सी तिथे नावानिशी दिलेले आहेत. उपप्रकार कळलेला नसला तरी ‘ए’ कळला आहे, आणि जे१० साठी तेवढं पुरतं. डॉक्टरांनी नुसतं ‘फ्लू’ किंवा ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलं असेल तेव्हा जे११.

आता ‘ओळखला’ हे कोण ठरवतं? अधिकृत गाइडलाइनच्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे श्वसनसंस्थेच्या प्रकरणात, इन्फ्लुएन्झासाठी वेगळा परिच्छेद आहे. त्यात दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. जे०९ आणि जे१० फक्त निश्चित निदानालाच लावायचे, ही पहिली. निश्चित म्हणायला पॉझिटिव्ह लॅब रिपोर्ट असलाच पाहिजे असं नाही, प्रोव्हायडरचं, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, निदानाचं विधान पुरतं, ही दुसरी. दोन्ही एकत्र वाचल्या की अर्थ उघड होतो: कोड डॉक्टरांच्या वाक्यावर उभा राहतो, लॅबच्या ओळीवर नाही. रॅपिड अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आहे आणि डॉक्टरांनी स्पष्टपणे ‘इन्फ्लुएन्झा ए’ असं निदान केलंय, तर जे१० लागतो. यात वैद्यकीयदृष्ट्या काही विचित्र नाही. या टेस्टची संवेदनशीलता साधारण ५० ते ७० टक्के धरली जाते, म्हणजे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येणं नेहमीचंच आहे. उलट बाजूने, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे पण कुठल्याही प्रोव्हायडरने इन्फ्लुएन्झा हे निदान लिहिलेलंच नाही, तर कोडरने स्वतःहून जे१० लावायचा नाही. विचारायचं.

कोविडनंतर या विषयात आलेल्या कोडरांचा इथे हमखास गोंधळ होतो, आणि त्याला कारण आहे. कोविडच्या गाइडलाइनमध्ये प्रोव्हायडरची नोंद किंवा पॉझिटिव्ह टेस्टची नोंद, दोन्हींपैकी काहीही यू०७.१ या कोविडच्या कोडसाठी चालतं. ती सवय हाताला लागते आणि नकळत इन्फ्लुएन्झाच्या चार्टवरही उतरते. ती सवलत कोविडपुरती आहे.

‘संभाव्य’, ‘शक्यता आहे’, ‘संशयित’ या शब्दांवर थोडं थांबायला हवं. इनपेशंट, म्हणजे दाखल रुग्णाच्या, चार्टमध्ये एरवी नियम असा की डिस्चार्जच्या वेळी ‘संभाव्य अमुक’ असं लिहिलेलं असेल तर ते निदान आहे असं समजून कोड लावायचा. इन्फ्लुएन्झाचा विषाणू या नियमाला अपवाद आहे. ‘संभाव्य एव्हियन इन्फ्लुएन्झा’ किंवा ‘संभाव्य इन्फ्लुएन्झा ए’ असेल तर जे०९ किंवा जे१० नाही, जे११ मधला कोड. पण हा अपवाद विषाणूपुरताच आहे, न्यूमोनियाच्या कारणापुरता नाही. इनपेशंट डिस्चार्ज समरीत ‘इन्फ्लुएन्झा ए, सोबत बहुधा एमआरएसए न्यूमोनिया’ असं लिहिलं असेल तर एमआरएसए न्यूमोनियाला नेहमीचा इनपेशंट नियम लागतो आणि तो कोड करता येतो. एकाच वाक्यातल्या दोन निदानांना ‘बहुधा’ या शब्दाचा परिणाम वेगवेगळा होतो. मी ज्या ज्या ठिकाणी हे शिकवलं, तिथे सगळ्यात जास्त चर्चा याच मुद्द्यावर झाली आहे.

आउटपेशंटमध्ये, म्हणजे दाखल न झालेल्या रुग्णांत, हे काहीच नाही. तिथे अनिश्चित निदान कोड करायचंच नसतं. ‘फ्लू असावा’ एवढंच असेल तर ताप, खोकला ही लक्षणं कोड करायची. न्यूमोनिया निश्चित आणि फ्लू संशयित असेल तर न्यूमोनिया तेवढा कोड करायचा. जे११ चा अपवाद इनपेशंटच्या नियमाला अपवाद म्हणून लिहिलेला आहे. आउटपेशंटमध्ये ‘संशयित’ला जे११ लावायची ती परवानगी आहे, असं मी वाचत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं काम इथे आहे. जे१०.०० म्हणजे ओळखलेला इन्फ्लुएन्झा आणि प्रकार न सांगितलेला न्यूमोनिया. जे१०.०१ म्हणजे त्याच इन्फ्लुएन्झा विषाणूने झालेला न्यूमोनिया. जे१०.०८ म्हणजे इन्फ्लुएन्झा आहे आणि न्यूमोनिया दुसऱ्या, सांगितलेल्या प्रकारचा आहे. जे११ मध्ये .०१ नाही, आणि ते तर्काला धरून आहे. विषाणूच ओळखलेला नसेल तर ‘त्याच ओळखलेल्या विषाणूचा न्यूमोनिया’ म्हणणार कसं? तिथे जे११.०० आणि जे११.०८ एवढेच दोन आहेत. जे०९ मध्ये तर न्यूमोनियासाठी जे०९.एक्स१ हा एकच कोड.

डॉक्टरांनी ‘इन्फ्लुएन्झा ए’ एका ओळीत आणि ‘न्यूमोनिया’ दुसऱ्या ओळीत लिहिला, दोघांना जोडणारा शब्द कुठेच नाही. मग संयुक्त कोड लावायचा आधार काय? इंडेक्समध्ये (आजारांच्या वर्णानुक्रमे सूचीत) इन्फ्लुएन्झाखाली ‘सह’ या शब्दाखाली न्यूमोनिया दिलेला आहे. गाइडलाइन सांगते की इंडेक्समध्ये किंवा टॅब्युलरमध्ये (कोडांच्या क्रमवार यादीत) ‘सह’ने जोडलेल्या दोन गोष्टींचा संबंध कोडरने गृहीत धरायचा, डॉक्टरांनी तो लिहिलेला नसला तरी. संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं तरच तो तुटतो. म्हणून दोन वेगळ्या ओळी असूनही जे१०.०० बरोबर ठरतो. ज्या ऑडिटमध्ये जे१०.१ (इतर श्वसनलक्षणांसह इन्फ्लुएन्झा) आणि जे१८.९ असे दोन सुटे कोड लावलेले दिसतात, तिथे हा नियम लक्षात घेतलेला नसतो.

पण या गृहीतकाची मर्यादा ओळखा. ‘इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया यांचा संबंध आहे’ इथपर्यंतच ते नेतं. ‘न्यूमोनिया विषाणूनेच केला’ इथपर्यंत नेत नाही. जे१०.०१ साठी डॉक्टरांचं तसं विधान लागतं: ‘इन्फ्लुएन्झा एमुळे न्यूमोनिया’, ‘इन्फ्लुएन्झा ए व्हायरल न्यूमोनिया’ किंवा त्याच अर्थाचं काही. ते नसेल तर प्रकार सांगितलेला नाही, म्हणजे जे१०.००.

हा फरक नुसता कागदी नाही. इन्फ्लुएन्झामध्ये न्यूमोनिया दोन वाटांनी होतो. कधी विषाणू स्वतः फुप्फुसात खोल उतरतो. हे बहुधा आजाराच्या सुरुवातीलाच होतं, धाप झपाट्याने वाढते, दोन्ही बाजूंना पसरलेली छाया दिसते. कधी विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खराब करतो आणि त्या जागी जिवाणू शिरतात. रुग्ण सुधारतोय असं वाटत असतानाच ताप पुन्हा चढतो, कफाचा रंग बदलतो, एका भागात घट्टपणा दिसतो. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे त्यातले नेहमीचे जिवाणू. दोन्ही एकत्रही होतं. १९१८ च्या साथीत मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनाचे जपून ठेवलेले नमुने तपासून २००८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक मृत्यूंमागे जिवाणूंचा न्यूमोनिया असल्याचं दिसलं. म्हणजे जे१०.०१ आणि जे१०.०८ या दोन कोडांमध्ये दोन वेगळे आजार, दोन वेगळे उपचार आणि दोन वेगळे धोके आहेत. कोडरने निदान करायचं नसतं, हे खरंच. पण हे चित्र माहीत असलेला कोडर कुठे विचारायचं ते ओळखतो.

म्हणून त्या चार्टमध्ये क्वेरी हवी. व्हॅन्कोमायसिन कशासाठी चालू होतं? कल्चरमधला एमआरएसए फक्त घशातला रहिवासी होता, की त्याने न्यूमोनिया केला? औषध आणि कल्चर यांवरून कोडरने जे१५.२१२ लावणं चूक आहे, पण ते दोन्ही पाहून गप्प बसणंही बरोबर नाही. क्वेरीत काय लिहायचं? नोंदीत जे आहे ते तारखांसह ठेवायचं: टेस्टचा निकाल, एक्स-रेमधलं वर्णन, कल्चरचा निकाल, कोणती अँटिबायोटिक किती दिवस चालली. मग विचारायचं, आपल्या वैद्यकीय मतानुसार न्यूमोनियाचं कारण काय. पर्याय द्यायचे: इन्फ्लुएन्झा ए विषाणू, एमआरएसए, दोन्ही, इतर काही, किंवा ठरवता येत नाही. पैसे, पेमेंट गट, गुणवत्तेचे आकडे यांचा उल्लेख कुठेही नको, आणि एकाच उत्तराकडे ढकलणारं वाक्य तर मुळीच नको. अहिमा आणि अ‍ॅकडिस या वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रातल्या संस्थांनी मिळून क्वेरीच्या पद्धतीवर मार्गदर्शन काढलेलं आहे, ते प्रत्येक इनपेशंट कोडरने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांचं उत्तर ‘एमआरएसए न्यूमोनिया’ असं आलं, तर आधी जे१०.०८ आणि नंतर जे१५.२१२. हा क्रम बदलता येत नाही. जे१३, जे१४, जे१५ या जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या कोडांखाली टीप आहे की इन्फ्लुएन्झा असेल तर तो आधी कोड करा, आणि जे१०.०८ खाली टीप आहे की न्यूमोनियाचा प्रकारही कोड करा. दोन्ही बाजूंनी दोर बांधलेला आहे. एमआरएसएसाठी वेगळा जिवाणूचा कोड किंवा पेनिसिलिनला दाद न देण्याचा झेड१६ मधला कोड लावायचा नाही, ते जे१५.२१२ मध्येच आलं. उत्तर ‘दोन्ही’ असं आलं तर माझ्या मते जे१०.०१ आणि जे१०.०८ दोन्ही लागतात आणि मागे जे१५.२१२. एकमेकांना वगळणारी टीप त्यांच्यात नाही, आणि एकच ठेवला तर अर्धी हकिगत गळते. उत्तर ‘ठरवता येत नाही’ असं आलं तर जे१०.०० कायम, पण आता तो विचारपूर्वक ठेवलेला असतो.

जे१८.९ बद्दल. प्रकार न सांगितलेला न्यूमोनिया जे१०.०० मध्ये आलेलाच आहे. तीच गोष्ट पुन्हा सांगणारा जे१८.९ मागे लावून काही नवं कळत नाही, म्हणून मी तो लावत नाही. ‘लोबार न्यूमोनिया’ असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी: तो सांगितलेला प्रकार आहे, जे१०.०८ आणि जे१८.१. पण ‘उजव्या खालच्या लोबमधला न्यूमोनिया’ म्हणजे लोबार न्यूमोनिया नव्हे. पहिला जागा सांगतो, दुसरा प्रकार. आणि एक्स-रेतलं ‘इन्फिल्ट्रेट’ म्हणजे तर न्यूमोनियासुद्धा नव्हे, जोवर उपचार करणारे डॉक्टर तसं म्हणत नाहीत.

नव्या विषाणूंच्या बाबतीत ‘स्वाइन फ्लू’ या नावापाशी सावध राहा. २००९ मध्ये जगभर पसरलेला एच१एन१ आता हंगामी विषाणूंपैकीच एक झाला आहे आणि सीएमच्या इंडेक्समध्ये तो जे१० कडे जातो. पण ‘स्वाइन इन्फ्लुएन्झा’, म्हणजे एरवी डुकरांमध्येच आढळणारा विषाणू, जे०९ कडे जातो. काही डॉक्टर अजूनही सवयीने हंगामी एच१एन१ ला स्वाइन फ्लू म्हणतात. त्यांच्या शब्दामागे जाऊन जे०९.एक्स१ लावला तर नव्या प्राणिजन्य विषाणूचा रुग्ण कागदोपत्री तयार होतो. सार्वजनिक आरोग्य यंत्रणा अशा नोंदींकडे किती गांभीर्याने पाहते, हे २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंच्या संपर्कातून माणसांना एच५एन१ झाल्यावर सगळ्यांनी पाहिलं. तिथे संसर्ग गाईकडून आला तरी विषाणू एव्हियनच आहे, जे०९.एक्स मध्येच जातो. शंका असेल तर उपप्रकार विचारून घ्या, अंदाज करू नका.

सोबतच्या आजारांमध्ये सेप्सिस (संसर्गाने शरीरभर उमटणारी जीवघेणी प्रतिक्रिया) सगळ्यात मोठा. तो दाखल होतानाच असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर सेप्सिसचा कोड आधी येतो, इन्फ्लुएन्झा-न्यूमोनिया नंतर. सेप्सिस विषाणूमुळे आहे असं लिहिलं असेल तर ए४१.८९, एमआरएसएमुळे असेल तर ए४१.०२. तीव्र श्वसन निकामी होणं (ऑक्सिजन कमी असल्याचं लिहिलं असेल तर जे९६.०१) हे दाखल होण्याचं मुख्य कारण ठरू शकतं का हे त्या चार्टच्या परिस्थितीवर अवलंबून असतं, त्याला एकच ठरलेलं उत्तर नाही. सीओपीडी (श्वासमार्गात अडथळा आणणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल आणि न्यूमोनिया असेल तर जे४४.० सोबत न्यूमोनियाचा कोड, क्रम परिस्थितीनुसार. पूर्वी तिथे जे४४.० आधी घ्यावाच लागे, ती टीप २०१७ मध्ये बदलली. जुन्या नोट्सवर चालणारे अजूनही तोच क्रम लावतात. फुप्फुसात गळू झालं असेल तर जे८५.१ जोडायला विसरू नका.

रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला आणि तिथे नवा न्यूमोनिया झाला, तर तो आपोआप व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया होत नाही. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर आणि न्यूमोनिया यांचा संबंध लिहिला तरच जे९५.८५१, आणि मग जिवाणूसाठी बी९५ ते बी९७ मधला कोड. त्या न्यूमोनियासाठी जे१५ मधला कोड नाही. दाखल होतानाचा इन्फ्लुएन्झाचा न्यूमोनिया असेल तर तो आपल्या जागी वेगळा राहतो. कोविड आणि इन्फ्लुएन्झा दोन्ही असतील तर दोन्ही कोड होतात, पण न्यूमोनिया कोणाचा हे पुन्हा डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू आहे, फ्लूचा विषाणू नाही. एकेकाळी फ्लू त्याच्यामुळे होतो असं समजलं गेलं, म्हणून नाव तसं पडलं. ‘एच. इन्फ्लुएन्झी न्यूमोनिया’ म्हणजे जे१४, जे१० नव्हे. पॅराइन्फ्लुएन्झा हा आणखी वेगळा विषाणू, त्याचा न्यूमोनिया जे१२.२. एन्कोडरमध्ये (कोड शोधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘इन्फ्लु’ एवढं टाइप करून पहिल्या ओळीवर क्लिक करणाऱ्याच्या हातून हे तिन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून इंडेक्समधून आल्यावर टॅब्युलरमध्ये कोडचं पूर्ण वर्णन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि इनपेशंट चार्टला कोडसंच डिस्चार्जच्या तारखेचा लागतो. नवा संच दरवर्षी १ ऑक्टोबरला येतो, काही बदल १ एप्रिललाही येतात. फ्लूचा हंगाम बहुधा या दोन तारखांच्या मधे पडतो. मार्चच्या शेवटी दाखल होऊन एप्रिलमध्ये घरी गेलेल्या रुग्णाचा चार्ट हातात आला की आधी डिस्चार्जची तारीख पाहा, मग इंडेक्स उघडा.